चारशे सतरा, प्रकृती उत्तम

कक्षात टेलिफोन चौदा होते. त्यांतले दोन बिघडलेले आणि एक अग्निशमन दलासाठी राखून ठेवलेला, म्हणजे कामाचे अकरा. अकरा टेलिफोनांवर अकरा माणसं, छताला तीन पंखे, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर एक हजार दोनशे सहा ठिपके. एकेक ठिपका म्हणजे पासष्टीच्या पुढचं, एकटं राहणारं एकेक माणूस. उन्हाच्या लाटेच्या अकराव्या दिवशी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, बाहेर सावलीत पंचेचाळीस अंश असताना, त्यांतले एक हजार एकशे अठ्ठावीस हिरवे होते, एकसष्ट पिवळे, चौदा तांबडे आणि तीन राखाडी. राखाडी म्हणजे फोन उचलला नाही. ही बेरीज संगणक आपोआप करत असे, तरी खारू ती दर वीस मिनिटांनी वहीत हाताने लिहायची. हाताने लिहिलेला आकडा आपल्याला ओळख देतो, असं तिला वाटे.

ठिपक्यांची ही सगळी कल्पना तिचीच. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बंद खोल्यांमधून माणसं उशिरा सापडली, शेजाऱ्यांना वास आल्यावर. तेव्हा ती विद्यापीठात होती आणि शहराच्या मृत्यूंचे तक्ते तिच्या प्रबंधात होते. तक्त्यात दिसत होतं की मेलेल्यांपैकी बहुतेकांकडे फोन होता. फोन होता, पण त्यावर कुणाचा फोन आला नव्हता. हे वाक्य तिने प्रबंधात लिहिलं, मार्गदर्शकांनी ते भावनिक म्हणून खोडलं आणि नगराच्या आरोग्य खात्याने नेमकं तेच वाचून तिला नोकरीवर घेतलं. मग तिने यादी बांधली. दिवसातून दोनदा फोन. सहा प्रश्न. कसं वाटतंय, पाणी किती प्यायलात, लघवीला कधी गेलात, चक्कर येते का, आज वार कोणता, घरात कुणी येऊन गेलं का. पण सहा प्रश्नांना तीन मिनिटं दहा सेकंद लागत आणि अकरा माणसांत रोजचे दोन हजार चारशे बारा फोन वाटले की माणशी साडेअकरा तास होत. म्हणून तिने एक नियम घातला : पहिल्या प्रश्नाला ठाम आवाजात उत्तर आलं तर पुढचे पाच गाळावेत आणि ठिपका हिरवा करावा. सरासरी पन्नास सेकंदांवर आली. खात्याच्या बैठकीत त्या पन्नास सेकंदांसाठी टाळ्या वाजल्या होत्या.

यादीत शेरा नावाचा एक रकाना होता. तो कुणी वाचत नसे. ती वाचायची. बाजारात भाजी घेतल्यावर भाजी बांधून दिलेला कागदही वाचणाऱ्या जातीची ती. कुणी लिहिलेलं असे, ‘बोलायला खूप आवडतं.’ कुणी, ‘मांजर आजारी आहे, ते विचारावं.’ आणि चारशे सतरासमोर, दोन वाजून चौदा मिनिटांच्या नोंदीत, एका बस कंडक्टरने वळणदार अक्षरात लिहिलेला शेरा संगणकावर चढवला होता : ‘प्रकृती उत्तम. आजी विनोदी आहेत. फोन उचलून म्हणाल्या, नंबर प्लीज.’

ती हसली. आधी हसलीच. चारशे सतरा तिची आत्या होती. आणि मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं, पाहुणे निघून गेल्यावर खोलीत दिवा राहतो तसं, आणि त्याच्या मागे काहीतरी थंड होत गेलं. एकतीस वर्षं आत्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. निवृत्त होऊन तिला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत, आणि त्याआधीच्याही सगळ्या वर्षांत, तिने घरच्या फोनवर ते दोन शब्द कधी उच्चारले नव्हते. घरी फोन वाजला की आत्या खेकसायची, “हं, बोला!” ड्यूटीचा आवाज ड्यूटीवरच ठेवायचा, गणवेशासारखा. लहानपणी खारूने एकदा चिडवायला रिसीव्हर धरून ‘नंबर प्लीज’ केलं होतं, तर आत्याने शांतपणे रिसीव्हर काढून घेतला आणि म्हणाली, “खारू, त्याची थट्टा नाही करायची. पलीकडे कुणाचं काय पेटलेलं असतं आपल्याला दिसत नाही.”

कंडक्टर सातव्या टेलिफोनवर होता. दुपारच्या बसफेऱ्या उन्हामुळे बंद, म्हणून वाहतूक खात्याने चौघांना इथे पाठवलं होतं, त्यांतला हा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, आवाज असा की तीन रांगा मागे बसलेल्यालाही आपल्यालाच बोलावल्यासारखं वाटावं.

“चारशे सतराला तुम्ही फोन केला होता ना?”

“कोण, त्या नंबर प्लीजवाल्या? झकास आजी हो. मी म्हटलं, आजी, कसं वाटतंय? तर म्हणतात, लाइन बिझी आहे, होल्ड करा. मी म्हटलं, वा, आमच्या बसपेक्षा सर्व्हिस बरी.”

“मग?”

“मग काय, हिरवा. आवाज एकदम खणखणीत. ठाम उत्तर आलं तर हिरवा, तुम्हीच शिकवलंत मॅडम.” तिच्या तोंडाकडे बघून त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. “का हो? चुकलं का काही?”

“नाही,” ती म्हणाली. “नियमाप्रमाणे बरोबर आहे.”

तिने त्याच्याच टेलिफोनवरून नंबर फिरवला. तो नंबर तिला पाठ होता आणि तरी किती दिवसांत तिने तो फिरवला नव्हता हे बोटांनीच तिला सांगितलं. नऊ दिवस. कक्ष सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे जाऊन आली होती, तेव्हा तिने यादीत आत्याचं नाव घातलं आणि वर ऐकवलं होतं, “दोनदा फोन येईल. माझ्या ऑफिसातून. तेवढा उचल. उचलला नाहीस तर माझ्या पडद्यावर राखाडी ठिपका येतो आणि मला माणूस पाठवावा लागतो.” आत्या म्हणाली होती, “तुझं काम वाढवायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?” त्यानंतर रोज सकाळी ती पडद्यावर चारशे सतरा बघायची. हिरवा. संध्याकाळी बघायची. हिरवा. ते बघणं म्हणजे आत्याशी बोलणं झालं, असं तिच्या मनाने केव्हा धरून टाकलं तिला कळलंच नाही. चोवीस तासांत दोनदा एक हिरवा ठिपका बघून तिला खरोखरच भेटल्याचं समाधान व्हायचं. तिने ते मोजलं नव्हतं, नाहीतर तिलाच त्याची शंका आली असती.

नवव्या घंटेला फोन उचलला गेला.

“नंबर प्लीज.”

आवाज स्वच्छ, गुळगुळीत, तिशीतल्या बाईचा. खरोखर खणखणीत. कंडक्टरचं काही चुकलं नव्हतं.

“आत्या, मी खारू.”

“पूर्ण नंबर सांगा.”

“अगं मी बोलतेय. पाणी प्यायलीस का? आत्या?”

“या नावाचा ग्राहक नाही. कृपया चौकशीला फोन करा,” आणि खट्.

तिने पुन्हा नंबर फिरवला. शरीराचं तापमान चाळीसच्या पुढे गेलं की आधी माणसाचा ‘आज’ जातो. आत राहतं ते सर्वांत जुनं, सर्वांत घोटलेलं. हे तिने वाचलं होतं, तिच्या प्रशिक्षण पुस्तिकेच्या अकराव्या पानावर तिनेच लिहिलं होतं : गोंधळलेले बोलणे हे धोक्याचे चिन्ह आहे. पण आत्याचं सर्वांत जुनं बोलणं गोंधळलेलं नव्हतंच. तिच्या डोक्यात सगळं वितळत असताना तळाशी जे शिल्लक होतं ते इतकं सुबक होतं की एका अनोळखी माणसाला त्याचं हसू आलं. तिच्या डोळ्यांपुढे एक्स्चेंजची ती लांबट खोली आली. घरी ठेवायला कुणी नसलं की आत्या तिला ड्यूटीवर न्यायची आणि ती बोर्डाखाली, आत्याच्या पायांशी, रंगीत दोऱ्यांच्या जाळ्यात बसायची. वर दिवा लागायचा, दोरी सुटायची, भोकात जायची. आत्याचा पाय हलायचा नाही. अर्ध्या तासाने चहा आला तरी आत्या उठायची नाही. दुसरी बाई येऊन शेजारी बसली, तिने हेडसेट चढवला, “घेतलं बाई” म्हणाली, की मगच उठायचं. रिलीव्हर आल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही.

“नंबर प्लीज.”

“ऑपरेटर,” ती म्हणाली, आणि आपला आवाज जाड केला, “सुपरवायझर बोलतेय.”

 पलीकडून, पाठ ताठ केल्यासारखं, “हो बाई.”

“किती वेळ बोर्डावर आहात?”

“सकाळपासून बाई. रिलीव्हर आली नाही.”

“लाइन किती चालू आहेत?”

“सगळ्या.” इथे तो गुळगुळीत आवाज पहिल्यांदा टवका उडाल्यासारखा झाला. “सगळे दिवे लागलेत बाई. एकदम लागलेत. कुणाला कुणाला देऊ?”

कंडक्टर उभा राहिला होता. आसपासच्या तीन टेलिफोनांवरची बोलणी थांबली होती. तिला दोन गोष्टी सुचत होत्या आणि वेळ एकीलाच होता. पाणी की दार. स्वयंपाकघर फोनपासून पंधरा पावलं, दार सात. भ्रमातल्या माणसाने घटघटा पाणी प्यायलं तर ठसका लागून ते भलत्या नळीत जाण्याची भीती. आणि आत्या दाराला आतून लोखंडी कडी घालते. ती तोडायला अग्निशमन दलाची माणसं लागतात, आणि पहिल्या आठवड्यात अशी दारं तोडायला सरासरी सव्वीस मिनिटं लागली होती.

“तुमची रिलीव्हर निघालीय,” ती म्हणाली. “पण इमारतीचं दार बंद आहे. तुम्ही जाऊन कडी काढा आणि परत या. रिसीव्हर टेबलावर ठेवा, लाइन तोडू नका.”

“बोर्ड सोडून?”

“बोर्ड मी बघते.”

“नक्की ना बाई?”

“नक्की.”

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, घासत गेलेली. तिने मनात मोजायला सुरुवात केली. सात पावलांना दहा सेकंद. एकवीसला काहीतरी पडलं, पत्र्याचं, लोळत गेलं. तिसाला काही नाही. चाळिसाला काही नाही. आयुष्यात अनेक गोष्टींची वाट तिने आकडे मोजत बघितली होती. बाबांच्या जहाजाची, निकालांची, आणि चार वर्षांची असताना आईची, जेव्हा तिला फक्त वीसपर्यंत येत होतं आणि आत्या म्हणाली होती, वीस झाले की परत एकपासून सुरू करायचं. त्रेपन्नला लोखंडावर लोखंड सरकल्याचा करकर आवाज आला, अर्धवट थांबला, आणि पुन्हा आला. पुन्हा पावलं. श्वास.

“काढली बाई.”

“शाब्बास,” ती म्हणाली. तिने रिसीव्हर कंडक्टरच्या हातात दिला. “तुम्ही बोलत राहा. गिऱ्हाईक व्हा. नंबर मागत राहा, कुठलेही. झोपू देऊ नका.”

“मी?”

“तुमचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. तिला उजव्या कानाने येत नाही.”

कंडक्टरने घसा खाकरला. “हॅलो ऑपरेटर! स्टेशनचा नंबर द्या बघू जरा!”

कक्षाची प्रमुख डॉक्टरबाई दारातच उभी होती. तिला सांगायला चार वाक्यं लागली. रुग्णालयाच्या गाड्या चार, चारही बाहेर, आणि पडद्यावर चौदा तांबडे. “अगं, चारशे सतरा तांबडा केला आत्ता मी,” डॉक्टरबाई म्हणाली, “पण तो पंधरावा आहे. तुझा नियम तुला ठाऊक आहे.” तिला ठाऊक होता. आधी नोंदलेल्याला आधी गाडी, ओळख-पाळख नाही. ते कलम तिने स्वतः घालायला लावलं होतं आणि त्यावर मोठ्या साहेबांशी भांडली होती. “माझ्याकडे स्कूटर आहे,” ती म्हणाली. डॉक्टरबाईने कपाटातून थर्मामीटर आणि दोन बर्फाच्या पिशव्या काढून तिच्या हातात कोंबली. “पाणी पाजत बसू नकोस. भिजव आणि वारा घाल. बाकी काही नको. आणि हेल्मेट घाल गं बाई, मला आणखी एक ठिपका नकोय.”

स्कूटरची सीट इतकी तापली होती की ती उभ्याउभ्यासारखीच बसली. साडेसहा किलोमीटर. रस्त्यावर माणूस नव्हतं. सिग्नल रिकाम्या चौकांसाठी लाल होत होते आणि ती दर वेळी थांबत होती. सवयीने, आणि दुसऱ्या वेळी आपण का थांबलो म्हणून स्वतःवर चिडत. डांबर मऊ पडलं होतं, चाकाखाली चिकट आवाज येत होता. वारा होता, पण तो भट्टीचं दार उघडल्यावर येतो तसला. पुस्तिकेत तिने लिहिलं होतं की छत्तीसच्या वर पंख्याचा उपयोग कमी होतो, अंग ओलं असलं तरच होतो. हे तिला आत्ता आठवत होतं आणि त्याच वेळी, त्याला चिकटूनच, आत्याचा पूर आठवत होता. ती सात वर्षांची. शहरात पाणी शिरलं आणि रिलीव्हर येऊ शकली नाही. आत्या सव्वीस तास बोर्डावर होती. रुग्णालयाला अग्निशमन, अग्निशमनला होड्या, होड्यांना शाळा, असं जोडत राहिली. तिसऱ्या दिवशी घरी आली तेव्हा तिचा आवाज गेलेला. दोन दिवस ती पाटीवर लिहून बोलायची. पाटीवर लिहिलं होतं, ‘खारू, दूध पी.’ खारूने विचारलं होतं, तू घाबरलीस का? आत्याने पाटी पुसली, लिहिलं, ‘खूप.’ मग ते पुसून खाली लिहिलं, ‘आवाजाला कळू दिलं नाही.’ त्या पाटीवरचं ते वाक्य तिने पुढे कितीदा अभिमानाने सांगितलं होतं मैत्रिणींना. आणि तरीही, फोनवरचा ठाम आवाज म्हणजे प्रकृती उत्तम, असा नियम लिहिताना तिला ते आठवलं नव्हतं. शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी जन्मभर हेच केलेलं असणार. कुणी वर्गापुढे, कुणी गिऱ्हाइकापुढे, कुणी नुसतं घरच्यांपुढे. आवाजाला कळू न देण्यात त्यांची हयात गेली होती आणि तिने त्यांना तोच एक प्रश्न विचारायचं ठरवलं होतं.

दार लोटलेलं होतं. पायाखाली डबा लोळत होता, मघाचा.

आत्या फोनच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, रिसीव्हर मांडीवर. रिसीव्हरमधून कंडक्टर बारीक आवाजात ओरडत होता, “...बरं मग धरणावरचा द्या! धरणावरचा नाही? मग तलावाचा बघा...” आत्याचे डोळे अर्धे उघडे. कपाळ कोरडं. खारूने हात लावला आणि हात आपोआप मागे आला. काखेत थर्मामीटर : चाळीस पूर्णांक नऊ. खिडक्या बंद. वर पंखा बंद. वीज होती, फोनशेजारचा छोटा दिवा लागत होता, आणि पंखा बंद.

“कंडक्टर, मी पोचले,” ती रिसीव्हरमध्ये म्हणाली.

“पोचलात? देवा. मॅडम, त्या आता बोलत नाहीयेत हो. चार मिनिटं झाली. मी आपला बोलतोय.”

“बरं केलंत,” ती म्हणाली आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा खडखडत, सगळं छत हलवत सुरू झाला. तिने पलंगावरची चादर ओढली, बादलीत बुडवली, आत्याला आडवं करून तिच्यावर टाकली. बर्फ काखेत, मांड्यांच्या सांध्यात. दारात खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू आल्या, गळ्यात टेप तसाच.

“अगं बाई! काय झालं गं? पाणी आणू? बर्फ आहे माझ्याकडे.”

“आणा काकू. सगळा आणा. आणि ही खिडकी उघडा.”

काकू परत आल्या ते परातीत बर्फ घेऊन, धापा टाकत. दोघींनी मिळून चादर पुन्हा भिजवली. काकू वर बघून म्हणाल्या, “हा सुरू केलास ते बरं केलंस. मी रोज सांगते, पंखा लावा, पंखा लावा. ऐकतील तर शपथ. म्हणायच्या, त्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, खिडकीतून गाड्यांचा आवाज येतो, पोरीच्या ऑफिसचा फोन चुकला तर पोरीला त्रास. दिवसभर त्या स्टुलापाशी. मी म्हटलं, दुरुस्त करून घ्या पंखा. म्हणाल्या, लाट संपली की.”

ती चादर पिळत होती. पिळत राहिली. पाणी संपलं तरी तिची मनगटं फिरत होती, आणि काकूंनी तिच्या हातातून चादर काढून घेतली तेव्हा तिने मान वर करून विचारलं, “रोज?”

“रोज बाई. आठ-नऊ दिवस.”

नऊ. तिने वहीत न लिहिताच तो आकडा ओळखला. मग काही विचार करायचा नाही असं तिने ठरवलं, आणि दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावला. चाळीस पूर्णांक चार. एकोणचाळीस पूर्णांक आठ. या दोन आकड्यांमधल्या वेळात ती आत्याच्या पायांना ओला हात लावत राहिली. बोर्डाखाली बसून कधीकाळी तासन्‌तास बघितलेले पाय. डाव्या अंगठ्याचं नख तसंच वाकडं. एकोणचाळीस पूर्णांक तीनला आत्या पुटपुटली, “आली का?”

“आली,” ती म्हणाली. “घेतलं बाई.”

आत्याचे खांदे सैल पडले. तीन वाजून एक्कावन्न मिनिटांनी गाडी आली.

रुग्णालयात उष्माघाताचा वेगळा कक्ष काढला होता, तोही तिच्याच आराखड्यातला : बारा खाटा, भिंतीला ओळीने पंखे, पाण्याचे फवारे. आराखड्यात खाटांमध्ये अंतर दीड मीटर होतं, इथे एक होतं. ती दोन खाटांच्या मधे स्टूल घालून बसली तेव्हा तिचे गुडघे पलीकडच्या म्हातारबुवांच्या खाटेला लागत होते, आणि ते म्हणाले, “लागू दे, लागू दे. सोबत वाटते.” तरुण डॉक्टर, तिच्याच वयाचा, तीन दिवस झोपला नसावा, सरळ बोलला. “तापमान उतरतंय, ते तुम्ही चांगलं केलंत. शुद्ध येईल. मला काळजी किडन्यांची आहे. रक्त फार घट्ट झालंय, बऱ्याच दिवसांचं पाणी कमी पडलेलं दिसतंय. नळी घातलीय. वजन अठ्ठेचाळीस, म्हणजे तासाला निदान चोवीस मिलिलिटर लघवी यायला हवी. नाही आली तर रात्री डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि या वयात मशीन...” त्याने वाक्य सोडून दिलं. “सलाइन चालू आहे. बाकी वाट बघायची.”

खाटेच्या कडेला पिशवी लोंबत होती, तिच्यावर रेघा. साडेचार ते पाच, तीन मिलिलिटर. गडद, चहासारखी.

पाच वाजता तिने कक्षात फोन लावला. कंडक्टरनेच उचलला.

“आजी?”

“आहे. सगळ्या हिरव्यांना परत फोन करा. सहाच्या सहा प्रश्न. काही गाळायचं नाही.”

“सुरू केलंय मघाशीच. डॉक्टरबाईंनी वाहतुकीचे आणखी सोळा जण बोलावले, ड्रायव्हर, तपासनीस, सगळे, आपापले मोबाइल घेऊन. आवाज चढलाय इथे नुसता.”

“आणि एक सातवा घाला. पंखा चालू आहे का, आणि नसला तर का नाही.”

“का नाही, ते पण?”

“ते लिहून घ्या. शेऱ्यात.”

त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, मी हसलो हो फोनवर. त्या नंबर प्लीज म्हणाल्या आणि मी हसलो.”

“मीही हसले,” ती म्हणाली.

पाच ते सहा, नऊ मिलिलिटर. नर्सने वाकून रेघ वाचली, तक्त्यावर लिहिली. ती नर्सच्या तोंडाकडे न बघता लिहिणाऱ्या हाताकडे बघत होती. सव्वासहाला कंडक्टरचा फोन आला : आठशे चाळीस झाले, त्यांतले एक्कावन्न पिवळे, सात तांबडे. आणि एकोणीस जणांनी सांगितलं होतं की फोन ऐकू यावा म्हणून पंखा बंद ठेवतो. “एका आजोबांनी तर संडासाला जाणं कमी केलंय म्हणाले, तेवढ्यात फोन आला तर,” तो म्हणाला. तिने तो आकडा लिहायला वही शोधली. वही कक्षातच राहिली होती. तिने तो तळहातावर लिहिला. यादी चुकीची नव्हती. यादीने शंभरावर माणसं वाचवली होती, तेही आकडे तिच्याकडे होते. पण तिने शहराला सांगितलं होतं की कुणीतरी तुमची चौकशी करणार आहे, आणि ती चौकशी चुकू नये म्हणून माणसं उकाड्यात दारं-खिडक्या लावून बसली होती. हे तिच्या कुठल्याच तक्त्यात येत नव्हतं. कुणाची तरी वाट बघणं हेही एक काम असतं आणि त्याला पाणी लागतं, हे तिने मोजलं नव्हतं.

साडेसहाच्या सुमाराला आत्याने डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग ओळीतल्या पंख्यांकडे, मग तिच्याकडे. यावेळी आवाज तिचा स्वतःचा होता, खरखरीत.

“तो माणूस कोण गं?”

“कुठला?”

“फार बोलतो. तीनदा स्टेशन मागितलं मेल्याने. तीनदा दिलं. गाडी पकडायची होती की लग्न करायचं होतं स्टेशनशी?”

ती हसायला गेली आणि तिच्या तोंडातून भलताच आवाज आला. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारबुवांनी मान वळवून विचारलं, “काय झालं?” आणि आत्याने त्यांना सांगितलं, “काही नाही, आमची पोर आहे. लहानपणापासून अशीच.”

“आत्या, पंखा का बंद ठेवलास?”

 सलाइनची सुई असलेला हात आत्याने हलवला, बोटं चादरीवर काहीतरी चाचपडत गेली आणि खारूच्या गुडघ्यावर येऊन थांबली.

“तुझा पडदा राखाडी झाला असता ना.”

“होऊ दे. मी आले असते.”

“ते मला कुठे ठाऊक,” आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, वेळापत्रक सांगावं तसं ती सांगत होती. “तू म्हणालीस, माणूस पाठवावा लागतो.”

 खारूने ती बोटं धरली. हात आता गार होता, सुरकुत्यांत पाणी अडकलेलं. बाहेर ऊन कललं होतं आणि भिंतीवरचे पंखे एका लयीत वळत होते. वळता वळता प्रत्येकाचा वारा आधी म्हातारबुवांवर, मग तिच्यावर, मग आत्यावर येऊन जात होता. तिला वाटलं, आपण बोलावं, काहीही. पण आत्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि ती उजव्या बाजूला बसली होती. ती उठली, स्टूल उचलून खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला आली, नळ्यांना धक्का न लावता टेकली आणि कानाशी वाकून म्हणाली, “मी इथेच आहे. फोन नाही करणार. इथेच आहे.”

“बरं,” आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, “ते खाली काय बघतेस सारखी वाकून?”

“पिशवी.”

“शी! लाज नाही वाटत? कुणी बघेल.”

“बघू दे.”

“खारू, अगं तिकडे पुरुषमाणूस आहे.”

“मी डोळे मिटलेत,” म्हातारबुवा म्हणाले.

सात वाजता नर्स आली. तिने वाकून रेघ वाचली, पिशवी जरा वर उचलून पुन्हा वाचली आणि खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर लिहिलं.

सहा ते सात : एकतीस मिलिलिटर.